चार मिलिमीटरची जागा

मी दात करते. डेंटिस्ट नाही मी. डेंटिस्ट माणसाच्या तोंडात बघतो, मी त्या तोंडाच्या साच्यात बघते. इंग्लंडात, साउथहॅम्प्टनच्या एका लॅबमध्ये कवळ्या, क्राऊन, ब्रिज बनवण्यात माझी अकरा वर्षं गेली. कोल्हापुरात हे काम शिकत होते, तेव्हा ह्याच हातांनी एक दिवस रायफलचा भाग घासायला घेईन असं कोणी म्हणालं असतं तर मी हसले असते.

त्याला कारण आमच्या शेजारच्या बाई. आमचं आणि त्यांचं घर एकाच भिंतीला चिकटलेलं. वय सत्तरीच्या पुढे, उंच, ताठ, आयुष्यभर प्रायमरी शाळेत शिकवलेलं. बुधवारी आणि शनिवारी पहाटे त्या हिरवं जाकीट घालून जुन्या जीपमधून बाहेर पडायच्या. पक्षी बघायला जात असतील असं मी सहा महिने धरून चालले होते. मग एका शनिवारी त्या कागदात गुंडाळलेला मांसाचा तुकडा घेऊन दारात उभ्या.

"हरणाचं आहे. तुम्ही खाता का? आधी विचारायला हवं होतं."

मी त्याचा तांबडा रस्सा केला आणि वाटीभर त्यांना नेऊन दिला. नाक पुसत पुसत त्यांनी तो संपवला आणि वाटी पुढे केली. तिथून आमचं जमलं.

हळूहळू मला कळलं ते असं. इकडच्या जंगलात हरणांना खाणारं जनावरच उरलेलं नाही. ती वाढतात आणि नवीन लावलेली झाडं खाऊन टाकतात. म्हणून जमिनीचे मालक लायसन्सवाल्या माणसांना ठरावीक हरणं मारायला सांगतात. बाईंचे मिस्टर हे काम करायचे. बाई त्यांच्याकडूनच शिकल्या आणि ते गेल्यावर त्यांनी तेच जंगल आणि तीच रायफल चालू ठेवली.

दोन वर्षांपूर्वी अडचण आली. हरणाचं मांस विकत घेणाऱ्या दुकानदाराने शिशाच्या गोळीने मारलेलं हरीण घेणं बंद केलं. शिशाचे कण मांसात राहतात, म्हणून आता तांब्याचीच गोळी हवी. एका शनिवारी दुपारी बाई चहाला आल्या आणि किचन टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक लोखंडी डबी त्यांनी टेबलावर ठेवली. रायफलचं मॅगझिन, काडतुसं भरायची डबी.

"शिसं जड, तांबं हलकं," त्या शाळेत सांगावं तसं सांगू लागल्या. "तेवढ्याच वजनाची गोळी तांब्याची केली की ती लांब होते. लांब झाली की काडतूस लांब. आणि ते ह्या डबीत बसत नाही."

"मग आखूड गोळी घ्या ना."

"घेऊन बघितली. माझ्या रायफलला मानवत नाही, नेम इकडेतिकडे जातो. जखमी हरीण पळून गेलेलं मला चालणार नाही."

एकेक काडतूस हाताने भरता आलं असतं, पण जानेवारीच्या थंडीत त्यांची बोटं वळत नव्हती. त्यांच्या ओळखीचा जुना बंदूक कारागीर म्हणाला होता, की रायफलमध्ये लांब काडतुसाला जागा आहे, फक्त डबी आखूड पडते. आतली पुढची जाड पट्टी घासून काढली तर साधारण चार मिलिमीटर मिळतील. पण त्याचे स्वतःचे हात आता थरथरतात. कोणी नीट करून आणलं तर तो तपासून देईल. बंदुकांच्या दुकानांनी सरळ नवीन रायफल घ्यायला सांगितलं होतं.

"तू माझ्या बहिणीच्या कवळीचा दात बसवलास, तो तिला आठवतही नाही कुठला होता," बाई म्हणाल्या. "तू करशील?"

नवऱ्याला सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला. तो पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, प्रत्येक फॉर्म तीनदा वाचणारा. "बंदुकीची भानगड? सिटिझनशिपचा अर्ज गेलाय आपला!"

"बंदूक नाही रे. नुसती डबी आहे."

बाईंना हे कळलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्यांनी लायसन्स देणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला ईमेल केलं, मॅगझिनला परवाना लागत नाही असं लेखी उत्तर मागवलं आणि त्याची प्रिंट स्वतः नवऱ्याच्या हातात दिली. त्याने ती पासपोर्टच्या फाइलमध्ये लावली. रायफल त्यांच्या कपाटात कुलपातच राहिली, आणि मापाला कारागिराने दारू नसलेली तीन पोकळ काडतुसं दिली.

दाताच्या कामात आमच्याकडे एक निळा कागद असतो. दोन दातांमध्ये तो धरून चावलं की जिथे घासतं तिथे निळा डाग पडतो. जिथे डाग, तिथेच घासायचं. मी तोच कागद डबीत लावला. गोळ्यांची टोकं पुढच्या भिंतीला कुठे लागतात ते लगेच दिसलं. लॅबच्या सुट्टीतले दोन रविवार मी थोडं थोडं घासत गेले. दुसऱ्या रविवारी तिन्ही काडतुसं आत बसली आणि मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

मग मला हाव सुटली. वरचं काडतूस थोडं नाक खाली करून बसलंय असं मला वाटलं. काडतूस धरून ठेवणारे डबीचे दोन ओठ असतात. मी कागद न लावता, नुसत्या नजरेने, त्यातला एक ओठ जरा घासला. आणखी जरा घासला. मग काडतूस भरायला गेले तर ते टुणकन उडालं आणि फ्रिजखाली गेलं. पुन्हा भरलं, पुन्हा उडालं. शिकाऊ पोरींना मी रोज सांगते, डाग नाही तिथे हात लावू नका. आणि स्वतः हे केलं.

ते मॅगझिन मूळ रायफलबरोबरचं होतं. अंधुक उजेडात पुढची बाजू चाचपून कळावी म्हणून बाईंच्या मिस्टरांनी त्यावर कानशीने एक खाच पाडली होती.

मी कुंपणापाशी जाऊन सांगितलं, "तुमचं मॅगझिन मी खराब केलं."

त्यांनी ते हातात घेतलं. त्या खाचेवरून अंगठा फिरवला. "बरं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

चार दिवस त्या दिसल्या नाहीत. कचऱ्याचे डबे बाहेर ठेवतानासुद्धा नाही. मला जेवण जाईना. नवरा मात्र ह्या वेळी "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हणाला नाही.

पाचव्या दिवशी बेल वाजली. बाईंच्या हातात दुसरं मॅगझिन होतं, जुनंच, कुठून तरी मागवलेलं.

"चार दिवस मी तुझ्यावर रागावले होते," त्या म्हणाल्या. "आता झालं. हे घे. ह्याच्यावर कोणाची खूण नाही, तेव्हा न घाबरता कर."

"तुम्ही शेजारी बसाल?"

"बसते. पण चहा दोनदा लागेल."

त्या बसल्या. मी प्रत्येक वेळी कागद लावला, डाग त्यांना दाखवला, मगच घासलं. ओठांना हात लावला नाही. काडतुसं वर उचलणारी आतली पट्टी एका बाजूला कलत होती, तिला खालून टेकू दिला. मध्येच बाई म्हणाल्या, "माझे मिस्टर असं काम करताना शिट्टी वाजवायचे. बेसूर. मला फार राग यायचा." आणि मग स्वतःच बराच वेळ काहीतरी गुणगुणत राहिल्या.

कारागिराने ती डबी उलटसुलट बघितली. ती बाईंच्या रायफलला लावून पोकळ काडतुसं वीसेक वेळा भरली, काडतूस पुढे ढकलणारा बोल्ट मागेपुढे केला. एकही अडकलं नाही. मग चष्मा कपाळावर चढवून मला विचारलं, "आतून पॉलिश कशाला केलंय? कोणाला दिसणार?"

"सवय," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी बाई मला नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेल्या. मी कानाला मफ्स लावून मागे उभी. पहिल्या आवाजाला दचकले. दुसऱ्या, तिसऱ्या वेळी बोल्ट गुळगुळीत सरकताना बघत राहिले. निशाण्याच्या कागदावरची तिन्ही छिद्रं एका वाटीखाली झाकली गेली असती. बाईंनी वळून माझ्याकडे बघितलं आणि फक्त मान हलवली. शाळेतल्या मुलांनाही त्या एवढंच देत असणार.

त्या मॅगझिनवर त्यांचे दोन हिवाळे गेले. मग ह्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मुलगी कॅनडात, म्हणून हॉस्पिटलात मी जायचे. एकदा मी तिथे असताना तरुण फिजिओने फॉर्म भरता भरता त्यांना विचारलं, "बरं झाल्यावर तुम्हाला मुख्य काय करता आलं पाहिजे?"

"गुडघे टेकून दहा मिनिटं न हलता बसता आलं पाहिजे."

"चर्चसाठी का?"

"नाही. हरणांसाठी."

ती माझ्याकडे बघायला लागली. औषधांच्या गुंगीत बोलतायत का, असं तिला विचारायचं असावं.

"खरं आहे," मी म्हटलं. "तसंच लिहा."