मामांना न ओळखणारी गाडी

विरारच्या फुलपाड्यातून सकाळी निघालो तो पाचूबंदरची ताजी मासळी खायला. म्हणायला कंपनीचं काम: बिनचालकाच्या गाडीत हात मांडीवर ठेवून बसायचं आणि प्रवास लिहून द्यायचा. आमच्या गाड्या एकमेकींची ओळख पटवून जोडीनं धावतात. पुढची नेईल तिकडे मागची जाते. तिसरी मागे लागली की तिला घुसखोर ठरवून जागीच थांबवतात. ही सुरक्षा माझी करामत, त्यामुळे मी जरा फुगलेलाच होतो.

आगाशीजवळ झेंडूनं सजवलेली आमच्याच कंपनीची गाडी दिसली. माझी गाडी लगेच तिच्याशी जोडी जमवून नंदाखालकडे वळली. "अगं, मासळी!" असं मी ओरडलो, पण ऐकतं कोण? मागून तशीच तिसरी गाडी आली. तिला या दोघींनी घुसखोर ठरवून रस्त्यातच थांबवलं.

उतरलो ते थेट एका वाडीत (नारळ-केळीच्या बागेत), लग्नाच्या मांडवासमोर. नवरीच्या मागच्या गाडीतून तिचे मामाच उतरणार, असं मुलाकडच्यांनी गृहीत धरलं. मी काही बोलेपर्यंत माझ्या डोक्यावर फेटा आणि तोंडात सुकेळी (सुकवलेली गोड केळी) होती.

तेवढ्यात रिक्षातून खरे मामा आले.

"सख्ख्या भाचीच्या लग्नात मी घुसखोर? आणि हा कोण?"

"मागची गाडी माझी," मी कसाबसा म्हणालो.

"मग तुम्हीच न्या नवरीला मांडवात!" मामा रुसून नारळाखाली बसले. मुहूर्त जवळ आला, भटजी घड्याळ बघू लागले, आणि मामांशिवाय नवरी हलेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागितली.

"तुमची नको. गाडीची पाहिजे."

एकच उपाय होता. पुढच्या गाडीतल्यानं मंजुरी दिली, तर अडवलेली गाडी सुटते. नवरी मुंडावळ्या सावरत गाडीपाशी आली. पडद्यावर प्रश्न होता, 'हिला ओळखता का?'

"मामा, बघा हं," म्हणत तिनं 'होय'वर बोट ठेवलं. थोड्या वेळात मामांची गाडी आपली आपण मांडवापाशी येऊन उभी राहिली. मामांनी डोळे पुसले आणि भाचीचा हात धरला.

पंगतीत मामांनी आग्रह करकरून मला जिलब्या खायला लावल्या. परतताना वाटलं, ओळख पटवायचं सगळं शास्त्र मी गाडीत भरलं, पण मामांना खुलवायला भाचीचं बोटच लागलं.

फुलपाड्याला उतरून मागे पाहिलं, तर मामांची गाडी! माझ्या गाडीनं आता हिच्याशी जोडी जमवली होती. आत मामा जेवून गाढ झोपलेले, आणि त्यांचा फोन वाजत होता. मी उचलला.

"मामा, कुठे आहात? पाठवणी खोळंबलीय!"