बोअरमधलं निओडायमियम

निओडायमियम हा धातू मी ज्युनिअर कॉलेजात बरीच वर्षं शिकवला, आणि तो डोळ्यांनी कधीच पाहिला नव्हता. शिकवायची मात्र अशी, की जणू रोज सकाळी त्याच्याबरोबर चहा घेऊनच येते. चांदीसारखा चकाकतो, किंचित पिवळसर झाक. हवेत उघडा ठेवला की काळवंडतो, वर ऑक्साइडची खपली धरते. ती खपली गळून पडते, आतला कोरा धातू पुन्हा हवेला लागतो, त्यालाही खपली धरते, असं करत करत सगळाच संपतो. म्हणून तेलात बुडवून ठेवायचा. गार पाण्याशी हळूहळू आणि गरम पाण्याशी भराभर अभिक्रिया करतो, हायड्रोजन सुटतो. क्षार फिकट जांभळे. एवढं सगळं एका दमात सांगून झालं की पहिल्या बाकावरची एक पोरगी विचारायची, "मॅडम, तुम्ही बघितलाय?" दरवर्षी पोरगी वेगळी, प्रश्न तोच.

त्या प्रश्नाला कंटाळून मी एक चुंबक विकत आणलं. मधे भोक असलेली जाड चकती, चहाच्या बशीपेक्षा लहान, वर निकेलचा लखलखीत मुलामा. निओडायमियम एकटा असला तर साध्या तापमानाला काही ओढून धरत नाही. त्याच्यात लोखंड आणि थोडं बोरॉन मिसळलं की मग त्याला हा जोर येतो. वर्गात मी ती चकती लोखंडी कपाटाला लावायची आणि दोन दांडग्या पोरांना ओढायला सांगायची. पोरं लालबुंद व्हायची, वर्ग हसायचा, मी फुगायची. शेवटी चकती सरकवत सरकवत कपाटाच्या कडेला नेऊन काढायची युक्ती मीच दाखवायची. शेखी मिरवायला माणसाला फार लागत नाही.

आम्ही तेव्हा मुकुंदवाडी स्टेशनाच्या पलीकडं गुंठेवारीतल्या प्लॉटवर राहायचो. घरं भराभर उठत होती, नळाची लाईन मात्र आलीच नव्हती. गल्लीचं सगळं पाणी एका बोअरचं, आणि तो बोअर समोरच्या काकूंच्या अंगणात. काकूंनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही. सकाळी मोटर चालू झाली की आम्ही सगळ्या कळश्या घेऊन त्यांच्या दारात. ते दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. पाहुणा आला की पाणी देण्याआधी विचारायचं, "अर्धा देऊ की पूर्ण?" विचारताना पहिल्यांदा जीभ अडखळली होती, मग सवय झाली. सगळं शहरच विचारत होतं. एकदा काकू माझ्याकडं विरजण मागायला आल्या, तर मी त्यांनाही विचारलं. "नको, आत्ताच प्याले," म्हणून त्या विरजण घेऊन गेल्या. त्यांच्याच बोअरचं पाणी त्यांनाच मोजून विचारलं, हे त्या दिवशी माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

उन्हाळ्यात पाणी खाली गेलं. मोटर वर काढून, आणखी पाईप जोडून खोल सोडायचं ठरलं. त्या गडबडीत कुणाच्या तरी हातून मोठा पाईप पाना सुटला आणि बोअरमध्ये गेला. काकांनी आरशानं उन्हाची तिरीप आत टाकून बघितलं. केसिंगचा पाईप जिथं संपतो आणि खडक सुरू होतो, तिथं पाना आडवा अडकून बसला होता. तो निघाल्याशिवाय मोटर खाली जाणार नव्हती. गळ टाकून असल्या वस्तू काढणारा बोअरवाला होता, पण त्या दिवसांत त्याला सगळीकडून बोलावणी. म्हणाला, चार दिवस तरी लागतील.

काकूंना चार दिवस धीर धरवेना, आणि ते बरोबरच होतं. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरलेले. बाळंतिणीची आंघोळ, बाळाचं न्हाणं, दुपट्यांची धुणी, सगळं काकूंनी त्या बोअरच्या भरवशावर धरलं होतं. काकू कपाळाला हात लावून ओट्यावर बसल्या होत्या. मी म्हणाले, "काकू, काळजी करू नका. माझ्याकडं असलं चुंबक आहे, पाना काय, पान्याचा बापसुद्धा वर येईल."

हे शब्द मी गल्लीदेखत बोलले. आज आठवले तरी कानशिलं तापतात.

चकतीच्या भोकात नायलॉनची दोरी ओवली. बघायला सगळी गल्ली जमली होती, आणि मीही अगदी प्रात्यक्षिकाला उभी राहावी तशी उभी. बोअरचा जमिनीवर दिसणारा पाईप निळा होता. हल्ली बोअरला निळा प्लास्टिकचा पाईप घालतात, कॉलेजातल्या बोअरलाही तसाच. चुंबक प्लास्टिकला चिकटत नाही, मग अडचण कसली? मी चकती बरोबर मधोमध धरून हळूहळू खाली सोडली. दोनेक पुरुष खोल गेली असेल, दोरी जराशी हलली आणि आतून टक्क असा आवाज आला.

पाईप लोखंडी होता. दिवाळीत दारं-खिडक्या रंगवून उरलेला निळा रंग काकांनी त्याला फासला होता. मी एकदा नख मारून बघितलं असतं तरी कळलं असतं.

आधी मी ओढलं, मग काकांनी, मग आणखी दोघांनी. कपाटावरची चकती सरकवून कडेला आणता येते. या पाईपाला कड होती ती वर, आमच्या पायाशी. दोरी तिथंच काचली आणि तुटली. काकांनी तुटलेलं टोक गुंडाळून माझ्या हातात दिलं. ओरडले असते तरी चाललं असतं. काकू म्हणाल्या, "जाऊ द्या मॅडम, तुम्ही चांगल्यासाठीच केलं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी काकूंची लेक बाळंत झाली, मुलगा झाला. गल्लीत पेढे वाटले, आणि माझ्या वाटणीचा पेढा मी तसाच डब्यात ठेवला. टँकर यायचा तेव्हा यायचा. काकू डोक्यावर हंडा घेऊन दोन गल्ल्या पलीकडून पाणी आणायच्या, ते मी खिडकीच्या फटीतून बघायची. बाहेर पडायची हिंमत नव्हती. कॉलेजला जातानासुद्धा मागच्या बाजूनं, खड्डे चुकवत जायची. असा डोक्यावर पदर घेऊन पळायचा प्रसंग माझ्यावर एका धातूमुळं येईल, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

बोअरवाला आला. त्यानं लोखंडी गळ सोडला, तो पान्यापर्यंत पोचलाच नाही. वाटेत माझ्या चुंबकाला जाऊन चिकटला. घाम गाळून त्यानं तो कसाबसा सोडवला, आणि विचारलं, "हे आत कुणी टाकलं?" कुणी माझ्याकडं साधी नजरसुद्धा वळवली नाही. वळवली असती तर सोसवलं असतं.

"मी टाकलं," मी म्हणाले. "पण ते फुटतं. दिसायला धातू असलं तरी भुकटी दाबून, भाजून केलेलं असतं, चिनीमातीच्या कपासारखं ठिसूळ. फक्त पहारीनं मारू नका, पहारही चिकटेल. लाकूड घ्या."

शेजारी नव्या बिल्डिंगचा स्लॅब चढत होता. तिथून एक लांब बल्ली आणली आणि दोघांनी वरून ठोसे मारले. बराच वेळ नुसता धप धप आवाज, मग एकदम कडकन काहीतरी फुटलं. तुकडे पाईपालाच चिकटून राहिले असतील, काही खाली गेले असतील, पण वाट मोकळी झाली. गळ खाली गेला, पाना वर आला, मोटर बसली. संध्याकाळी पाणी सुरू झालं तेव्हा बायका कळश्या घेऊन उभ्याच होत्या.

आणि मला पुन्हा पुढं व्हावं लागलं. निकेलचा मुलामा फुटला की आतला माल पाण्यात कुजायला लागतो; मी स्वतःच फळ्यावर लिहिलेलं होतं. ते पाणी पोटात गेलं तर काय होतं, हे मात्र मी कधी वाचलं नव्हतं. आणि समोरच्या खोलीत चार-पाच दिवसांचं बाळ होतं. मी म्हणाले, "आज-उद्याचं पाणी पिऊ नका. बाळाला तर अजिबात नको." रिकाम्या कळश्या घेऊन बायका परत फिरल्या. कुणीतरी मागून पुटपुटलं, "आता पाणी आलं तर प्यायचं नाय म्हणती." ते सगळं पाणी शेजारच्या स्लॅबवर मारलं. दुष्काळात बिल्डिंग तेवढी न्हाली.

पुढं पाणी सुरळीत झालं. कुणाला काही झालं नाही. बाळ बघायला मी सगळ्यात शेवटी गेले, झबलं-टोपडं घेऊन, दारातूनच परत यायचं ठरवून. काकूंनी हाताला धरून आत नेलं. बाळाचं न्हाणं व्हायचं होतं. न्हाणीच्या दाराशी बादली ठेवलेली, ती अर्धी भरलेली. सकाळी लाईट नव्हती, मोटर चालली नव्हती. मी मान खाली घालून बसले आणि मनात जमवलेलं बोलायला तोंड उघडलं, तोवर काकू आत गेल्या आणि पेला घेऊन आल्या. अर्धा की पूर्ण, विचारलं नाही. काठोकाठ भरलेला पेला, सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलेला.

थेंबही मागं ठेवणं शक्य नव्हतं. मी पीत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पेला रिकामा झाला तशी काकूंनी तो माझ्या हातातून घेतला.

"अजून देऊ, मॅडम?" त्या म्हणाल्या.