कंदीलवाल्याचा नववा तळ

वजनकाटे तपासायच्या नोकरीने माणसाचा स्वभाव बिघडतो, असं तपासनिसांच्या बायकोचं ठाम मत होतं. दिवसभर दुकानादुकानांतून हिंडायचं, पिशवीतली शिक्क्याची वजनं काट्यावर ठेवायची, आणि समोरचा "साहेब, काटा अगदी चोख आहे हो" म्हणत हात चोळत असताना त्याच्या तोंडाकडे न बघता काट्याच्या सुईकडे बघायचं. जन्मभर हे केल्यावर, बायकोने "दूध गरम आहे" असं सांगितलं तरी माणूस आधी बोट बुडवून बघतो. तपासनीस बघत. बोट भाजलं की मग मान हलवत, म्हणजे दूध पास.

त्यांचा दुसरा संसार मागच्या खोलीत होता. तिथे पाठीला पोक आलेले तीन जुने टीव्ही, व्हिडिओ गेमची जुनी यंत्रं आणि भिंतभर कॅसेटी होत्या. आपण शाळेत असताना ज्या खेळांपायी कान पिळून घेतले, ते सगळे खेळ तपासनिसांनी नोकरी लागल्यावर एकेक करून परत मिळवले होते. सपाट टीव्हीवर ते खेळ इस्त्री केल्यासारखे दिसतात, म्हणून पोकवालेच टीव्ही हवेत, असा त्यांचा आग्रह. "घरात तीन टीव्ही आहेत, आणि मला बातम्या बघायला शेजारी जावं लागतं," असं बायको येईल त्याला सांगे.

रविवारी सकाळी या खोलीत मंडळ भरायचं. औषधाच्या दुकानाचे मालक, बँकेत रोखपाल असलेले एक गृहस्थ, तपासनीस, आणि तपासनिसांचा शाळेपासूनचा दोस्त, जो गाडी चालवायला शिकवायचा. थोडा वेळ खेळ आणि उरलेला वेळ वाद. कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारावी की मारू नये, यावर औषधवाले आणि तपासनीस एकदा महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. औषधवाले फुंकरवादी. तपासनिसांचं म्हणणं, फुंकरीबरोबर थुंकी जाते आणि आतली तांब्याची बोटं गंजतात. रोखपाल कॅसेटीचं खोकंच फोडत नसत, कारण फोडलं की भाव उतरतो. त्यावर दोस्त म्हणाला होता, हे म्हणजे लग्न लावून बायकोला माहेरीच ठेवण्यासारखं झालं.

हे वाद हाताबाहेर जाऊ नयेत म्हणून मंडळाचा एक कायदा होता, आणि तो अर्थातच तपासनिसांनी केलेला होता. दाखव, मग बोल. मी अमुक राक्षस एका दमात मारला, तमुक दार उघडलं, असल्या बढाया चालणार नाहीत. यंत्र समोर आहे, लाव आणि दाखव.

या कायद्याखाली जन्मभराची शिक्षा झाली ती एकट्या दोस्ताला.

एक खेळ होता. त्याच्या वेष्टनावर कुठल्याशा परक्या लिपीत नाव होतं, ते कुणालाच वाचता येत नसे. म्हणून सगळे त्याला कंदीलवाला म्हणत. हातात कंदील घेतलेला एक बुटका माणूस खोल विहिरीत उतरत जातो. वाटेत वटवाघळं, काटे, तुटके दोर. असे आठ तळ. आठवा उतरला की खेळ संपतो, हे जगजाहीर होतं. पण दोस्त शाळेत असल्यापासून शपथेवर सांगायचा, की आठव्याच्या खाली नववा तळ आहे, आणि मी तो बघितलाय. आठव्या तळाच्या शेवटच्या दोरावर लोंबकळत राहायचं, बटणाला हात लावायचा नाही, नुसतं थांबायचं. मग खाली वाट उघडते.

"आणि तिथे काय आहे?" सगळे विचारायचे. उत्तर पाठ असूनही विचारायचे.

"काही नाही. पाणी आहे. संगीत थांबतं. कंदीलवाला काठावर बसतो, पाय पाण्यात सोडतो. आपण बटण दाबलं की तो मान वळवून आपल्याकडे बघतो आणि नको म्हणतो. मग हळूच कंदील खाली ठेवतो."

"मग?"

"मग काय. बसतो."

हे ऐकून रोखपालांना हसून ठसका लागायचा. मामाने बोटीवरून आणलेली माझी कॅसेट अगदी पहिल्या खेपेची आहे, पुढच्या खेपांतून तो तळ काढून टाकला असेल, असा दोस्ताचा खुलासा होता. सोयीचा खुलासा, असं तपासनीस म्हणत. शेवटी एका रविवारी दोस्त ती कॅसेट घेऊन आला. मंडळ खुर्च्या ओढून बसलं. सकाळ गेली, जेवणं राहिली, आणि दोस्त घामाघूम होऊन आठव्या तळाच्या दोरापर्यंत पोचला. त्याने दोन्ही हात वर केले. सगळे थांबले. थोड्या वेळाने एक वटवाघूळ आलं आणि कंदीलवाल्याला चावून गेलं.

तपासनिसांनी दुकानदाराला सुनावतात त्या आवाजात निकाल दिला, "काटा खोटा. जप्त करा."

खोली हसली. दोस्त सगळ्यांत मोठ्यांदा हसला. पुढच्या रविवारी तो दारात दिसताच औषधवाले म्हणाले, "या, नववे." तेव्हापासून त्याचं आडनावच ते झालं. इतकं की त्याच्याकडे गाडी शिकायला येणारी माणसंही पुढे नववेसर म्हणू लागली. त्यांना वाटे, खरंच आडनाव आहे.

नववे रागावणाऱ्यातले नव्हते. दुसऱ्याच्या हातात चाक देऊन शेजारी शांत बसायचं, हा त्यांचा धंदाच. मंडळात ते आणखी एका कामासाठी लागत. पोकवाला टीव्ही एका माणसाला उचलत नाही, दोघं लागतात, आणि जिन्यावर एकाला उलटं चालावं लागतं. उलटं चालायचं ते नववेच. "मला मागे जायची सवय आहे, तू फक्त पुढे बघ," असं ते तपासनिसांना म्हणायचे. तपासनीस पुढे बघत.

मग नववे आजारी पडले. आधी रविवार चुकू लागले, मग गाडी शिकवणं सुटलं, मग खाटच धरली. तपासनीस भेटायला गेले तेव्हा नवव्यांनी आपला पोकवाला टीव्ही खाटेच्या पायथ्याशी लावून घेतला होता. हातात खेळाचा रिमोट, आणि बोटं अशी थरथरत होती की कंदीलवाला पहिल्याच तळाला काट्यांवर पडत होता. तपासनिसांना ते बघवेना. बघवेनासं झालं की ते थट्टा करत.

"पोचलो की आधी तुला दाखवणार," नववे म्हणाले.

"दाखव, मग बोलू."

नववे एरवी यावर हसायचे. त्या दिवशी त्यांनी मान डोलावली, सौदा ठरल्यासारखी. त्यानंतर दोघांचं बोलणं झालं नाही. तपासनीस पुन्हा जाणार होते, पण बाजारपेठेतल्या काट्यांची वार्षिक तपासणी निघाली, आणि ती संपायच्या आत नववे गेले.

तेराव्याचे दिवस उलटल्यावर तपासनीस नवव्यांच्या घरी वहिनींना भेटायला गेले. निघताना वहिनींनी कपाटातून रुमालात गुंडाळलेली कॅसेट काढली. "भावजी, हे तुम्हाला द्यायला सांगितलंय. लावून बघ म्हणावं, एवढंच म्हणाले. नुसतं लावून बघा."

आता इथे तपासनिसांची एक रीत सांगायला हवी. बाहेरून आलेली कॅसेट ते कधीही तशीच यंत्रात घालत नसत. आधी स्क्रू काढायचे, कापसाच्या काडीला स्पिरिट लावून तांब्याची बोटं पुसायची, आणि आतला सेल बदलायचा. कंदीलवाल्यासारख्या खेळांच्या कॅसेटीत बटणाएवढा एक सेल असतो. आपण कुठवर पोचलो, हे कॅसेट त्या सेलच्या जोरावर लक्षात ठेवते. सेल काढला की कॅसेट सगळं विसरते. हे मंडळात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवायचे ते तपासनीसच. पण जुन्या कॅसेटीत लक्षात ठेवण्यासारखं असतं काय? मेलेला सेल, आणि तो फुटला तर आतलं सगळं खाणारं पाणी. म्हणून सेल बदलायचा, आणि मगच यंत्रात.

वहिनींनी नुसतं लावून बघा म्हटलं होतं. तपासनीस घरी आले, चष्मा चढवला आणि स्क्रू काढले.

आत सेल जोडणारा कथलाचा डाख बघून त्यांना हसूच आलं. चिमणीने घाण करून ठेवावी तसा गोळा. एक डाग भलतीकडेच उडालेला. "नववे, नववे," ते कॅसेटीशीच बोलले, "हे काय करून ठेवलंय?" त्यांनी तो गोळा वितळवून सेल काढला, डबीत टाकला, नवा बसवला, आणि पाण्याच्या थेंबासारखा चकचकीत डाख दिला. स्वतःच्या कामावर खूश होऊन त्यांनी कॅसेट यंत्रात सरकवली.

पडद्यावर कंदीलवाला विहिरीच्या तोंडाशी उभा राहिला. शेजारी, मागचा खेळ पुढे चालू करायच्या तीन जागा. तिन्ही रिकाम्या.

तपासनिसांनी यंत्र बंद करून पुन्हा लावलं, तरी रिकाम्याच. मग उठून त्यांनी डबीतला सेल काढला आणि त्याला मीटर लावलं. सुई थेट शेवटापर्यंत गेली. सेल कोरा करकरीत होता. ज्याला पुढे काही लक्षात राहायला हवं असतं, तोच जुन्या कॅसेटीत नवा सेल घालतो. तो डाखाचा गोळा नवव्यांच्या आजारी बोटांनी घातलेला होता. सेल बदलून, खाटेवर बसून, काट्यांवर पडत पडत ते कुठेतरी पोचले होते, आणि तिथे कंदीलवाल्याला तसाच ठेवून गेले होते. नुसतं लावून बघायचं होतं.

कुठे पोचले होते, ते आता जगातल्या कुठल्याच काट्यावर ठरणार नव्हतं.

मंडळात तपासनिसांनी अवाक्षर काढलं नाही. संध्याकाळी कामावरून आले की ते ती कॅसेट लावून स्वतःच विहिरीत उतरू लागले. पण त्यांचे अंगठे आता वजनं उचलणाऱ्या माणसाचे होते, मुलाचे नव्हते. पाचव्या तळाच्या पुढे वटवाघळं त्यांना जाऊ देईनात. वहिनींचा फोन आला, बघितलं का? तपासनीस म्हणाले, वेळच झाला नाही हो. पुन्हा फोन आला, तेव्हाही वेळ झाला नव्हता. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "जाऊन या एकदा. तो फोन वाजला की तुमचं तोंड बघवत नाही."

ते गेले. वहिनींनी पाणी दिलं, समोर बसल्या, आणि इकडचं तिकडचं काहीही न बोलता विचारलं.

"दिसला का, भावजी?"

तपासनिसांनी खाटेकडे बघितलं. तिच्यावरची गादी गुंडाळून ठेवलेली होती.

"दिसला."

वहिनींनी श्वास सोडला. "मलाही हाक मारली होती. लवकर ये, बघ म्हणाले. माझे हात पिठात होते. म्हटलं, आलेच. हात धुऊन जाते तर टीव्ही बंद केलेला. म्हणाले, राहू दे, बसून बसून दमलो. आता तो बघेल आणि तुला सांगेल. तो न बघता काही बोलत नाही." त्या पुढे सरकल्या. "कसा आहे हो?"

तपासनिसांनी तोंड उघडलं, आणि आश्चर्य म्हणजे त्यांना शब्द शोधावे लागले नाहीत. इतकी वर्षं रविवारी रविवारी हसून हसून ते सगळं पाठ झालं होतं.

"पाणी आहे. संगीत थांबतं. तो काठावर बसतो, पाय पाण्यात सोडतो. आपण बटण दाबलं की मान वळवून बघतो आणि नको म्हणतो. मग कंदील खाली ठेवतो."

"मग?"

"मग बसतो."

वहिनी मान खाली घालून ऐकत होत्या. "अगदी हेच सांगायचे," त्या म्हणाल्या. मग वर बघून, कुणी मीठ मागावं इतक्या साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "मग भावजी, हे त्यांच्यासमोर एकदा म्हणाला असतात, तर काय बिघडलं असतं?"

"तेव्हा मी बघितला नव्हता, वहिनी."

"ते लोकांना गाडी शिकवतात, हे तरी मी कुठे डोळ्यांनी बघितलं होतं?"

तपासनिसांनी पेला उचलला. पेल्यातलं पाणी त्यांनी संपवलं. वहिनी उठल्या आणि टीव्हीवरचा कपडा काढून घडी घालू लागल्या. हे धूड तुम्ही घेऊन जा, त्या म्हणाल्या, माझ्या काय कामाचं? खाली रिक्षा उभी करू. तपासनीस म्हणाले, दोघं लागतात. मग मी आहे की, असं म्हणून वहिनींनी पदर खोचला.

जिन्याच्या तोंडाशी दोघं टीव्ही धरून उभे राहिले, आणि उलटं कुणी चालायचं हा प्रश्न आला. वहिनींना ते जमणार नव्हतं. तपासनिसांनी पाठ फिरवली. टीव्हीचा पोक त्यांच्या छातीवर आला, पलीकडचं काही दिसेना, पायाखालचं तर नाहीच. वहिनी वरून सांगू लागल्या, पायरी आहे, आता पायरी आहे, भिंत सांभाळा. तपासनीस एकेक पाय मागे टाकत उतरले. पायाला सपाट लागलं तेव्हा त्यांना वाटलं, संपलं. हा जिना त्यांनी हजारदा चढलेला होता.

"अजून एक आहे," वहिनी म्हणाल्या.

"नाही हो, झाला."

"आहे, भावजी."

त्यांनी पाय मागे सोडला. क्षणभर खाली काहीच नव्हतं. मग पायरी लागली.