कडीकाकांची खूण

बाहेर पडताना कडी लावायची, चार पावलं जाऊन परत यायचं, ओढून बघायची आणि गल्लीच्या कोपऱ्यावरून पुन्हा एकदा फेरी. म्हणून त्यांना सगळे कडीकाका म्हणायचे. पस्तीस वर्षं लोकांच्या खिडक्यांना काचा बसवल्या त्यांनी. काच कधी दगा देईल सांगता येत नाही, त्यामुळे त्या धंद्यात माणूस संशयी होतोच म्हणा. पण काकांचा संशय दुकानात थांबला नाही, त्यांच्याबरोबर घरी राहायला आला.

हात थरथरायला लागला तशी काच कापायची हिरकणी खाली ठेवावी लागली. दुकान मुलाने घेतलं. काका दिवसभर खिडकीशी बसून रस्त्यावरच्या प्रत्येकाकडे चोर असल्यासारखे बघायचे. शेवटी सुनेने त्यांचं नाव एका वर्गात घातलं. काचेचे रंगीत तुकडे कापायचे, एकावर एक रचायचे आणि विजेच्या भट्टीत वितळवून त्यांचं चित्र करायचं, असा तो वर्ग.

"काच तुमच्या हातातली, बाबा. जाऊन तर बघा," ती म्हणाली.

काकांच्या मनात पाल चुकचुकली. आपल्याला घराबाहेर काढायचा डाव आहे, दुसरं काय! म्हणून पहिल्याच दिवशी निघताना त्यांनी कपाटाच्या दोन्ही मुठींना काळा धागा बांधला, स्वतःची खास गाठ मारून. परत आले तर गाठ जशीच्या तशी. पण संशय असा जातो होय? धागा तसाच ठेवला, रोज परत आल्यावर गाठ तपासायची. त्यात भर ही, की सून त्यांचे धुतलेले कपडे घडी करून खोलीबाहेरच्या खुर्चीवर ठेवायला लागली. बांधाबांध सुरू झाली म्हणायची, काकांनी ताडलं.

वर्गातल्या बाई मुलीच्या वयाच्या. त्यांनी पहिल्या दिवशी बजावलं, "इथल्या काचा सोडून दुसरी काच भट्टीत घालायची नाही. या सगळ्या एका जातीच्या आहेत. सारख्या फुगतात, सारख्या आकसतात."

'अस्सं! म्हणजे ह्यांचाच माल वापरायचा,' काका मनात म्हणाले. 'मला काच शिकवतात!'

पण खोटं कशाला बोला, काका रमले. काचेची भुकटी चाळणीने पेरली की धुकं होतं, पट्ट्या उभ्या लावल्या की रेघा होतात, दोन काचांमध्ये हवा अडकवली की बुडबुडे राहतात. कापऱ्या हाताला हे सगळं जमत होतं. वेडीवाकडी कापलेली कडा भट्टीत आपोआप गोलसर व्हायची, तेव्हा तर त्यांना हसूच यायचं. त्यांनी काचेची मोठी पाटी करायला घेतली. निळसर भिंत, तिच्यात चाळीस खिडक्या, आणि मधली एकच पिवळी, दिवा लागलेली. आयुष्यभर लोकांनी त्यांच्या काचेतून पलीकडे बघितलं होतं. एकदा तरी कुणीतरी काचेकडे बघावं, एवढीच इच्छा होती म्हातारपणी.

अडचण एकच. भट्टी बंद झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत उघडायची नाही, काच सावकाश थंड व्हायला हवी. आणि भट्टी भरायची सिस्टर. ही वर्गातलीच एक निवृत्त नर्स, हात अगदी स्थिर. काकांची पाटी बघून ती एकदा म्हणाली होती, "मला द्याल का ही?" गमतीनेच म्हणाली, पण काकांनी ते गाठीला बांधलं. हिने पाटी बदलली तर?

मग काकांनी काय करावं? दुकानातून खिडकीच्या काचेचा नखाएवढा तुकडा आणला आणि कुणाचं लक्ष नाही बघून पाटीच्या खालच्या कोपऱ्यात सारला. त्या काचेची हिरवट कड त्यांनी झोपेतही ओळखली असती. आता बदला म्हणावं!

पाटी भट्टीतून सुरेख निघाली. वर्गाच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सिस्टरने ती दोन तारांनी दालनाच्या मोठ्या खिडकीत टांगली. सकाळी काका सुनेला घेऊन आले आणि दारातच थबकले. कोपऱ्यातून निघालेला तडा थेट पिवळ्या खिडकीपर्यंत गेला होता. एक लांबट तुकडा खाली पडला होता.

"टांगली कुणी?" काका गरजले. "पहिल्या दिवसापासून डोळा होता हिचा! मिळाली नाही म्हणून फोडली!"

सिस्टर खाली बसली, तुकडा आणि बारीक कपच्या रुमालात गोळा केल्या आणि रुमाल पुढे केला. "मोजून घ्या, काका. एकही ठेवून घेतलेला नाही."

बाई दोन काळसर फिल्म घेऊन आल्या. "काचेत ओढाताण असली की यातून दिसते," म्हणत त्यांनी एक पाटीमागे धरली, एक पुढे. पाटी काळीभोर झाली. कोपऱ्यात मात्र नखाएवढ्या तुकड्याभोवती पांढरंशुभ्र कडं पेटलेलं, आणि तडा तिथूनच सुरू झालेला.

"काका, इथे काय आहे?"

माहीत नाही म्हणाले असते तर खपून गेलं असतं. सून त्यांच्याकडेच बघत होती.

"खूण आहे," ते म्हणाले. "माझीच. खिडकीची काच. पाटी कुणी बदलू नये म्हणून घातली. मीच फोडली म्हणायची."

"अहो, चाळीस खिडक्यांची भिंत दुसरं कोण करणार होतं?" सिस्टर म्हणाली. "मला आवडली होती हो ती."

काकांनी हात जोडले. "चुकलो, सिस्टर. फार वाईट बोललो."

"बोललात खरं," ती म्हणाली, आणि दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही. तेही बरोबरच होतं.

घरी येऊन काका मुकाट्याने खोलीत गेले. सवयीने गाठ तपासली. शाबूत होती. पाठोपाठ सून दारात आली, हातात घडी केलेल्या कपड्यांचा गठ्ठा.

"बाबा, तो धागा आता काढता का?" ती म्हणाली. "तीन महिने झाले, कपडे कपाटात ठेवायचे म्हणून थांबलेय. तुटला तर तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून खुर्चीवर ठेवत होते."

काका गाठ सोडायला लागले. हात इतका कापत होता की सुटेचना. शेवटी तिनेच सोडली.