गिरणीत घेतलेलं नाव

गेल्या मंगळवारपर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हणजे, बाकीचं सगळं सांगून झालंय. मुलीला सांगितलं, बचत गटात उभं राहून सांगितलं, आणि त्याबद्दल लोकांनी मला धाडसी वगैरे म्हटलं. पण त्या सगळ्यातून मी एक वाक्य बाजूला काढून ठेवलं होतं. एवढंसं वाक्य. ते तुम्हाला सांगायचंय, पण एकदम तोंडातून निघत नाही. आधीचं थोडं ऐकून घ्या.

मी मंदा. आमचं गाव कर्जतहून खालापूरकडे जाताना रस्त्यापासून जरा आत आहे. नवरा गेला तेव्हा माझी सायली सहावीत होती. कर्जतजवळच्या एका रिसॉर्टवर मी खोल्या आवरायचं काम करायचे. एका दुपारी तिथं एक पाहुणा दारू पिऊन जेवणाच्या हॉलमध्ये ताटं फेकत होता. मॅनेजर हात जोडून उभा. मला काय झालं कुणास ठाऊक — मी पुढं गेले आणि म्हटलं, "खाली बस. एक एक तुकडा उचल." ओरडले नाही, नुसतं म्हटलं. आणि तो चांगला पन्नाशीचा, अंगापिंडानं भरलेला माणूस खाली बसून काचा वेचायला लागला.

पलीकडच्या टेबलावर एक बाई बसल्या होत्या, नीलिमा मॅडम. त्यांनी जाताना मला नंबर दिला. रिसॉर्ट बंद पडलं, सायलीचं नर्सिंगचं पहिलं वर्ष सुरू होतं, मी चार ठिकाणी काम विचारून परत आले होते, आणि मग मी तो नंबर लावला.

काम काय होतं? सांगते, त्यात लपवण्यासारखं आता काही उरलेलं नाही. खालापूरच्या अलीकडे, झाडीत मॅडमचा एक बंगला होता. मुंबई-पुण्याहून पुरुष यायचे. आठवडाभर हाताखालच्यांवर हुकूम सोडणारे, गाडीचं दारसुद्धा दुसऱ्यानं उघडायचं अशी सवय असलेले. ते तिथं येऊन दोन तास कुणाचा तरी हुकूम ऐकायचे. माझा. गुडघ्यावर बसायचे, फरशी पुसायचे, बोलणी खायचे. कधी छडीही असायची, पण आधी ठरवून, जितकी ठरली तितकीच. "थांब" म्हणायला एक शब्द ठरलेला असे. तो निघाला की मी त्या क्षणी थांबायचे. अंगाला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. इंग्रजीत या कामाला डॉमिनेट्रिक्स म्हणतात, हे मला मॅडमनी सांगितलं. मला तो शब्द म्हणायला महिना लागला. कामाला मात्र आठवडासुद्धा लागला नाही.

लाज वाटली का? पहिल्या दिवशी वाटली. नंतर — खरं सांगू? — बरं वाटायला लागलं. माझ्या आवाजाला कुणी तरी किंमत देत होतं. वर्षानुवर्षं मी तो आवाज गिळूनच घरात, कामावर, देवळात वावरले होते. तेव्हा माझी चूक ते काम होतं असं समजू नका. चूक पुढं आहे.

वंदना आमच्याच आळीतली. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण मैत्रीण बरोबरीची. शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. हाताला चव अशी की पोरं सुट्टीच्या दिवशीही शाळेच्या ओट्यावर घुटमळायची. पण त्या कामात तिचं भागत नव्हतं. मॅडमना सकाळच्या स्वयंपाकाला आठवड्यातून दोन दिवस बाई हवी होती. वंदना खिचडीचं काम ते दोन दिवस जावेवर सोपवू शकत होती. मीच तिचं नाव सुचवलं. सकाळी जायची, जेवण करून बाराला निघायची. पाहुणे दोननंतर यायचे. तिनं त्यातला एकही माणूस कधी पाहिला नाही.

एकदा तिनं विचारलं, "मंदा, त्या बंद खोलीत काय असतं गं?"

मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग हसता हसता जमिनीवर बसली. "म्हंजे बोलणी खायला पैसे देतात? अगं, आमच्या घरी फुकट मिळतात की."

मग डोळे पुसून म्हणाली, "सांभाळून ऱ्हा. मी कुणाला नाय बोलणार." आणि तिनं तो शब्द पाळला. किती पाळला, ते पुढं कळेल.

आम्हा दोघींना तिथं सोडायचा सुभाष. वंदनाचा मावसभाऊ, त्याची सहासीटर खालापूरच्या स्टँडवर असते. तिला सकाळी, मला दुपारी. गावात आम्ही दोघी खालापूरला कामाला जातो एवढंच ठाऊक होतं. कमी बोलणारा माणूस. वंदनाला सख्खा भाऊ नाही, भाऊबीजेला ती त्यालाच ओवाळायची.

दोन वर्षं असं चाललं. मग गावात कुजबुज सुरू झाली. बंगल्यावर दूध घालणाऱ्यानं काही तरी पाहिलं असेल, किंवा माळ्यानं. "खालापूरकडच्या त्या बंगल्यात काय काय चालतं आणि आपल्या गावची एक बाई तिथं जाते" — एवढंच आलं होतं. बाईचं नाव नव्हतं.

आता येतंय ते. जरा थांबते.

दळणाला गेले होते. गिरणीत सात-आठ बायका होत्या. कमळाकाकी, आमच्या शेजारच्या, गावातलं कुठलंही बोलणं त्यांच्यापाशी आल्याशिवाय पुढं जात नसे. त्यांनी तोच विषय काढला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, आणि मग एकेक करून माझ्याकडे. निदान मला तसं वाटलं. विधवा बाई, दुपारी बाहेर पडते, मुलगी पनवेलला शिकते — हिशेब कुणालाही जमला असता. काकी म्हणाल्या, "मंदे, तू त्याच रस्त्यानं जातेस. तुला काय दिसलं का गं?"

आणि मी म्हणाले, "वंदना उतरते तिथं."

हेच ते वाक्य. तीन शब्द. खोटं नव्हतं ना? वंदना उतरायची तिथं. कुणी मला खोटारडी म्हणू शकलं नसतं. म्हणून तर मी ते निवडलं. मी घाबरून काही तरी बरळले असं नाही — मला नीट आठवतंय, माझ्याकडे विचार करायला वेळ होता. पीठ डब्यात पडत होतं, ते बघत मी तो विचार केला आणि मग बोलले. आवाजसुद्धा माझा कामाचा होता. शांत, ज्याच्यावर माणसं विश्वास ठेवतात तो.

डबा उचलून मी घरी आले. त्या संध्याकाळी भाकऱ्या केल्या, जेवले. हेही सांगायला हवं. मला जेवण गेलं.

पुढचं व्हायला चार दिवस लागले. शाळेच्या समितीत कुणी तरी म्हणालं, पोरांच्या तोंडी हिच्या हातचं नको. बचत गटाच्या बैठकीत वंदनाला मध्ये बसवून विचारलं, "तू तिथं काय काम करतेस?" ती म्हणाली, "स्वयंपाक." कुणी तरी हसलं. मी तिसऱ्या रांगेत होते. वंदनानं एकदा माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, मागितलं काही नाही. एक शब्द बोलली असती — "मंदाला विचारा" — तर सुटली असती. बोलली नाही. आणि बंद खोलीत मोठमोठ्या माणसांना गुडघ्यावर बसवणारी मी, त्या सतरंजीवर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिले.

तिची खिचडी गेली. जाऊ बोलेनाशी झाली. नवरा मात्र तिच्या बाजूनं उभा राहिला, एवढं एक बरं झालं. पावसाळ्याआधी दोघं शेलूला तिच्या बहिणीकडे निघून गेले. टेंपोत सामान चढवताना मी मदतीला गेले. होय, गेले. एका बाजूनं कपाट मीच धरलं होतं. ती म्हणाली, "हे सुभाष्याचं काम. दुसरं कोण मला तिथं उतरताना बगतं? आता जन्मात त्याचं तोंड बगणार नाय."

तेव्हा तरी बोलायचं. कपाट हातात होतं म्हणून का बोलले नाही मी?

सुभाषला तिनं विचारलंही नाही. तो दोनदा तिच्या दारात गेला, दार उघडलं नाही. चार दिवाळ्या गेल्या. मी त्याच्याच गाडीतून कामाला जात राहिले. भाऊबीजेच्या दिवशी तो स्टँडवर गाडी लावून बसलेला मला दिसायचा, घरी जायचा नाही. एकदा मला म्हणाला, "मंदाताई, मी काय केलं ते तरी तिनं सांगायला पायजे होतं." मी म्हटलं, "होईल नीट." दुसरं काय म्हणाले असते? म्हणजे — म्हणता आलं असतं. सगळंच म्हणता आलं असतं.

सायली शिकून नोकरीला लागली. तिला मी माझ्या कामाबद्दल सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "आई, तुला कुणी कधी काही केलं तर नाही ना?" नाही म्हटलं. तिनं माझा हात धरला. त्या बळावर गेल्या वर्षी मी गटात उभी राहिले आणि म्हणाले, "वंदना तिथं स्वयंपाकच करायची. दुसरं काम माझं होतं. अजून करते." दोघी उठून गेल्या. बाकीच्या बसल्या. आठवड्याभरानं त्यांतल्याच तिघी-चौघी शेलूला जाऊन वंदनाची माफी मागून आल्या. शाळेतून तिला परत यायचा निरोपही गेला, ती आली नाही. तोवर तिचं तिथं पोळी-भाजीचं दुकान उभं राहिलं होतं. नव्या इमारतींमधली नोकरदार माणसं येता-जाता डबे नेतात. तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ अकरापर्यंत संपते.

वंदनानं मला फोन केला. रडली. म्हणाली, "तू बोललीस, लय केलंस माझ्यासाठी." मी ते ऐकून घेतलं. मी तिच्या दुकानात जायला लागले, तिच्या हातचं खायला लागले, आणि प्रत्येक वेळी सुभाषचा विषय निघाला की ती तोंड फिरवायची. कमळाकाकी त्याआधीच वारल्या होत्या. गिरणीतल्या बाकीच्या बायकांना कुणी काय म्हटलं ते आठवतही नसेल. मी गप्प राहिले असते तर कुणाला कधीच कळलं नसतं. धाडसी बाई म्हणून मी सुखानं म्हातारी झाले असते.

मग गेल्या मंगळवारी काय झालं? काही नाही. कुणी पकडलं नाही, कुणी विचारलं नाही. वंदना भाकरी थापता थापता सहज म्हणाली, "यंदा भाऊबीजेला तूच ये गं, ओवाळायला कुणी तरी पायजे." आणि मला ते सोसेना.

मी म्हटलं, "वंदना, तुझं नाव गिरणीत मी घेतलं होतं. सुभाषनं नाही. मी."

तिचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली. ती तिनं उलटली, खाली काढली, दुसरी थापायला घेतली. मग म्हणाली, "सुभाषला सांगितलंस?"

"नाही."

"मग आदी त्याला सांग. मग त्याला हितं घेऊन ये."

मी तशीच निघाले. खालापूरच्या स्टँडवर सुभाष गाडीची काच पुसत होता. मी उभ्या उभ्या सांगितलं. त्यानं फडकं पिळलं, पुन्हा पिळलं. "चार वर्सं," एवढंच म्हणाला. मला वाटलं, आता बोलेल, शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. त्यानं गाडीत बसून दार ओढून घेतलं आणि समोर बघत म्हणाला, "बसा."

कर्जत, नेरळ, शेलू — त्यानं गाडी कुठंच थांबवली नाही. दुकानासमोर त्यानं गाडी लावली आणि उतरेचना. वंदना पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. गाडीच्या खिडकीपाशी उभी राहिली.

शेवटी ती म्हणाली, "जेवलास का?"

त्यानं मान हलवली, नाही म्हणून. तिनं दार उघडलं, त्याच्या दंडाला धरून त्याला आत नेलं. त्याच्या शर्टावर पांढऱ्या पिठाची पाच बोटं उमटलेली मला मागून दिसली. आतून ताट ठेवल्याचा आवाज आला. मग तिचं हसणं आलं, मग तिचं रडणं, मग त्याचं काही तरी बोलणं — त्या माणसाला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मला कुणी आत बोलावलं नाही. ते बरोबरच होतं. मी गाडीतून माझी पिशवी काढून घेतली आणि स्टेशनकडे चालायला लागले.