लक्ष्मणराव रुसलेले नाहीत

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची दर महिन्याच्या सभेच्या बोलावण्याची मेल सगळ्या सभासदांना एकदम जाते आणि त्यातल्या काही लगेच परत येतात. आज त्या परत आलेल्यांत लक्ष्मणरावांचं नाव दिसलं. त्यांच्या मेलच्या इंग्रजी पत्त्यात आम्ही ‘क्ष’साठी ‘केएसएच’ लिहिलं होतं. ते ‘एक्स’ लिहितात. दारावरच्या पाटीवरही तसंच आहे, आणि ती आम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे.

“जाऊ द्या हो नाना, पुढच्या महिन्यात पुन्हा पाठवू,” संघाचे चिटणीस मला म्हणाले. दर महिन्याला ते हेच म्हणतात आणि मी मान डोलावतो.

कुलूप असलेल्या दाराची कडी कुणी अशी वाजवत राहतं का? आपण शेजारी चौकशी करतो. मेलपेटी भरली असेल तर थोडं थांबावं. पण असा पत्ताच नाही, असं उत्तर आलं तर पाठवणं तिथेच थांबवून माणसाला फोन करावा. आम्ही मात्र चहा पिता पिता ठरवून टाकलं, की सभेला येत नाहीत म्हणजे लक्ष्मणराव रुसलेत. हे साफ खोटं आहे.

शेवटी मी फोन केला.

“मला वाटलं, नाव कमी केलंत,” ते म्हणाले. “मग न बोलावता यायचं कसं?”