गाडीसाठी हिवाळा

भर वैशाखात स्वेटर, मफलर आणि कानटोपी घालून ट्रक चालवणारा माणूस मी एकदाच पाहिला. मी बहिणीच्या लग्नासाठी खोपोलीहून लोणावळ्याला मोठी पातेली नेत होतो. ती पोचल्याशिवाय आचारी चूल पेटवणार नव्हता, आणि ट्रक घाटात धापा टाकत होता.

त्या ड्रायव्हरने इंजिनाच्या हवेच्या नळीला ओलं पोतं गुंडाळलं होतं. "गार हवा मिळाली की गाडी जोरात चढती," तो म्हणाला. इथवर मला पटलं. मग त्याने तापमानाच्या काट्यावर रुमाल टाकला. "ह्ये दिसलं की तिला लय उकडतं."

"आणि स्वेटर?"

"तिला वाटाय पायजे, हिवाळा हाय. भाऊ, तुमीबी कुडकुडा की जरा! तुमचा घाम बघून अडलीया ती."

पातेली माझी होती. मी त्याची घोंगडी पांघरली आणि दात वाजवले. पुढच्या वळणावर गाडी खरोखरच सुटली.

मांडवापाशी पोचताच आचारी धावत आला. मी घोंगडी काढू लागलो, तसा तो ड्रायव्हर हळूच म्हणाला, "तिच्या म्होरं नगं. मला अजून घरी जायचंय."

मी ट्रकच्या मागे जाऊन घाम पुसला.